वार्कायचा तळहात

डोंगरराज्याचा राजा, म्हणजे इंका, पौकार याच्या अंगावर त्या सकाळी जाडीभरडी, मळकी घोंगडी होती. लामा नावाची लोकरी जनावरं हाकणाऱ्या एकाकडून त्याची दासी वार्काय हिनंच ती मागून आणली होती. वीस वर्षं तिनं त्याच्यासाठी इतकी मऊ वस्त्रं विणली, की मुठीत धरली तरी हाताला जाणवू नयेत. एकदा अंगाला लागलेलं वस्त्र तो पुन्हा घालत नसे. ते जाळून राख वाऱ्यावर सोडायची. त्याचा गळलेला केस ती गिळून टाकायची. त्याला खोकला आला की तळहात पुढे करायची, कारण इंकाची थुंकी जमिनीवर पडता कामा नये. शत्रूनं ती उचलली, तर तिच्यावरून मांत्रिक त्याचा जीव ओढून घेईल, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं.

आता डोंगरातलं त्याचं शेवटचं ठाणंही समुद्रापलीकडून आलेल्या दाढीवाल्यांनी जाळलं होतं. नदीवरचा गवती दोरांचा पूल ओलांडला, की पलीकडचं जंगल अजून त्याचं होतं. पण पुलावर पहारा होता.

"मला अरे म्हण," चालता चालता तो म्हणाला. "मी तुझा मुलगा."

"जीभ रेटत नाही, इंका."

"तुझी जीभ रेटत नाही म्हणून माझा गळा जाईल. म्हण."

"अरे…" तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. "अरे पौकार…"

"नाव नको घेऊस, बाई!" तो हसला. किती महिन्यांनी हसला होता.

सोन्याची जड कर्णभूषणं काढल्यावर त्याच्या कानांच्या पाळ्या खांद्यापर्यंत लोंबत होत्या. त्यांवरून कुणी ओळखू नये म्हणून, दाढ दुखते असं सांगायचं ठरवून तिनं त्याच्या डोक्याला हनुवटीखालून फडकं बांधलं होतं.

पुलाशी दोन दाढीवाले फासे खेळत बसले होते. त्यांचा दुभाषा उत्तरेकडचा, रंगानं वार्काय-पौकारसारखाच. तो पुढे आला.

"काय गं म्हातारे, कुठं निघालीस?"

"पलीकडं. लेकीकडं."

"आणि हे बांधलेलं थोबाड कुणाचं?"

"मुलगा माझा. दाढ दुखतीय."

"मग उपटून टाकायची की! देऊ का उपटून?"

तेवढ्यात समोरून लामांचा कळप पूल उतरला. धूळ उडाली. पौकारला खोकला आला आणि वार्कायचा तळहात आपोआप त्याच्या तोंडासमोर गेला.

दुभाष्याचं हसू थांबलं. तो त्या तळहाताकडे बघत राहिला.

पौकार पचकन जमिनीवर थुंकला आणि त्यानं तिचा हात झटकला. "काय गं आई, सारखा हात पुढं! मघाशी दिलेली कोकाची पानं चघळून संपली का?"

वार्कायनं खाली पाहिलं. ती थुंकी मातीत पडली होती, उघडी. पण तिनं तोंड उघडलं.

"अरे मेल्या, दोन पानं देताना तुझा जीव जातो? तुला वाढवताना माझा नाही गेला!"

दुभाषा खो खो हसला. आपल्या बटव्यातली चार पानं त्यानं तिच्या तळहातावर ठेवली. "घे गं. मुलं अशीच निघतात. जा आता."

पौकार पुलाकडे वळला, तशी ती खाली बसली. नेमकी त्या थुंकीच्या ओल्या जागेवर, घागरा पसरून.

"तू हो पुढं, अरे. माझे पाय गेले."

त्यानं मातीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. डोलत्या पुलावरून तो एकटाच गेला. त्याच्यामागून कुणीच चालत नव्हतं, असं आजवर कधी झालं नव्हतं.

ती तिथंच पानं चघळत बसली. ऊन चढलं, फासे खेळून झाले, पहारेकरी पेंगले. मग तिनं घागऱ्याखालची माती नखांनी खरवडून मुठीत घेतली आणि पुलाच्या मध्यावर जाऊन मूठ उघडली. खालच्या पाण्यानं ती नेली.

पलीकडच्या चढाच्या ओलसर वाटेवर लामांच्या खुणांवर उमटलेले एकाच माणसाचे ताजे ठसे होते. वार्कायनं चपला काढल्या, खांद्यावरची चादर हातात घेतली, आणि एकेक ठसा पुसत ती वर चढू लागली.