पीच थांबत नाहीत

रेनिताला कशाची म्हणून घाई नव्हती, हेच विलोडीनला डाचत होतं. आधी गुरुवारी येते म्हणाली, मग शनिवारी, आणि आता फोनवर म्हणे, "सोमवारचं बघते, आई. हॉस्पिटलात कामाला माणसं कमी आहेत."

"आणि पीच?"

"फ्रीजमध्ये टाक ना."

फ्रीजमध्ये! जॉर्जियाच्या मातीत वाढलेली पोर अटलांटाला जाऊन एवढंही विसरली? कच्चा पीच गारठला की आतून भुसा होतो. यंदा थंडीनं मोहोर जाळला, परसातल्या झाडानं जेमतेम टोपलीभर फळ दिलं. विलोडीननं ते चादरीवर देठाकडून पालथं मांडलं, एकाचं अंग दुसऱ्याला लागू न देता. दोन वर्षं पोरीनं घराचा उंबरा पाहिला नव्हता. मुरंबा टपालानं जातो, ताजं फळ जात नाही. त्यासाठी तरी येईल, असा विलोडीनचा हिशेब. 'ये गं' म्हणून विनवणं तिच्या रक्तात नव्हतं.

तिचा पाय घरात ठरेना. बसली की उठायची. दाबून बघायचं नाही, दाबलं तिथे डाग पडतो. म्हणून वाकून एकेकाचा वास घ्यायची. पिकलेलं फ्रीजमध्ये, कच्चं तिथेच. पंखा इकडे फिरव, पडदा तिकडे ओढ. चिलटं घोंगावली तशी फडकं घेऊन त्यांच्यामागे धावली.

"ताई, मुरंबा घाला नि मोकळ्या व्हा," शेजारचा होसिया कुंपणावरून म्हणाला. तो चर्चमधला कारभारी, सल्ला फुकट.

"म्हणजे ती येत नाही, हे मीच ठरवू? तुम्ही तुमच्या कोंबड्या बघा."

रविवारी चर्चमधून परतली, तर रेनिताचा निरोप: सोमवार जमत नाही, पुढच्या आठवड्यात नक्की. विलोडीननं फ्रीज उघडला. एका पिकल्या फळाच्या खांद्यावर तपकिरी ठिपका आला होता. ठिपका कापून टाकून तिनं ते उभ्या उभ्या, रागारागानं खाल्लं आणि कुंपणाशी जाऊन ओरडली, "होसियाभाऊ, गाडी काढा!"

मफिनच्या साच्यातल्या खळग्यांत एकेक पीच बसवून साचा तिनं मांडीवर घेतला. गाडीतला गार वारा पुरता सोडला.

"ताई, भर ऑगस्टात हुडहुडी भरली हो मला!"

"तुम्ही काही नासत नाही. समोर बघून चालवा."

अटलांटात दार रेनितानंच उघडलं. अंगावर दवाखान्यातल्या ड्युटीचे कपडे, डोळे सुजलेले. "आई? अगं, मी येणारच होते..."

"हात धू."

सिंकवर वाकून रेनितानं पहिला घास घेतला. रस कोपरापर्यंत ओघळला. दुसरं फळ तिनं न विचारता उचललं. होसिया दाराशी तळवे चोळत उभा होता.

"दर वेळी गाडीची किल्ली हातात घेते," रेनिता पाठ न वळवता म्हणाली. "मग वाटतं, आल्या आल्या तू बोलायला लागशील. नवरा का सोडला, केस का कापले."

विलोडीननं उरलेले पीच काढून ठेवले आणि रिकामा साचा ओट्यावर आपटला.

"कामाचं निमित्त मला सांगू नकोस. तू भित्री आहेस, रेनिता. माझ्या जिभेला भितेस, आणि भ्यायलाच हवं. पण भिऊन घरी यायचं असतं, बये. घर टाळायचं नसतं."