खिडकीवरचा फोटो

मावशी बोलायला उभी राहिली तेव्हाच मी ओळखलं, आता काही खरं नाही. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. ती बोलायला लागली की कुणाची भीडभाड ठेवत नाही, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक?

नगरपालिकेतली तक्रार-खिडकी परदेशी मदतीतून झाली होती. नुकतंच लोकांचं राज्य आलेलं, तेव्हा लोकांना गाऱ्हाणं मांडायला हक्काची जागा हवी, म्हणून. ती बघायला आज परदेशातून एक बाई आल्या होत्या आणि मी त्यांचा दुभाषी. गजांचा रंग अजून बोटांना चिकटत होता.

"बाईंना सांग," मावशी म्हणाली, "ही खिडकी आज पहिल्यांदा उघडली. वर्षभर कुलूप होतं. तुझ्या काकांच्या माघारी मिळायची पेन्शन, तिचा अर्ज या साहेबांनी चारदा परत पाठवला. चहापाण्याशिवाय कागद हलत नाही म्हणे!"

नगरपालिकेचे साहेब बाईंच्या शेजारीच उभे होते; ते माझ्याकडे बघून नुसते हसले. मला नोकरीत कायम करायचा कागदही त्यांच्याच टेबलावर पडून होता.

मी बाईंना सांगितलं, "या म्हणतात, खिडकीमुळे त्यांच्या पेन्शनचं काम झालं. फार आभारी आहेत."

बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी मावशीचे दोन्ही हात धरले, तिचा फोटो काढला. घरी परतताना मावशी खुशीत होती. "बघ, परक्या बाईला कळलं. आपल्याच लोकांचे कान फुटलेत मेले." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी मी मान डोलावली.

दोन महिन्यांनी मदत वाढवून मिळाली, पेपरात बातमी आली. मी कायम झालो. मावशीचा अर्ज पाचव्यांदा परत आला.

तिने माझं मनगट धरलं आणि मला थेट खिडकीपाशी नेलं. खिडकीला कुलूप होतं. वर मावशीचा फोटो, खाली परक्या भाषेत दोन ओळी.

"वाच रे. माझं काय छापलंय?"

मी वाचलं. छापलेलं नव्हे, त्या दिवशी ती बोलली होती ते, कुलपापासून चहापाण्यापर्यंत, काही न गाळता. इतका चोख अनुवाद मी आयुष्यात केला नव्हता.

"शब्द न् शब्द माझाच," मावशी म्हणाली. तिने कुलूप एकदा ओढून बघितलं. "एवढं कळूनही पैसे यांनाच दिले? म्हणजे ती बाईही यांच्यातलीच निघाली, नाही का रे?"

मी म्हणालो, "हो."