नऊ नंबरचं ऊन

तुरुंगाचं संग्रहालय दुसऱ्या दिवशी उघडणार होतं. त्याआधी अप्पांनी आपली कोठडी एकदा नजरेखालून घालावी, अशी तिथल्या अधिकाऱ्यांची विनंती होती. परक्या सरकारविरुद्ध चळवळ चालवली म्हणून माझ्या वडिलांनी इथे सहा वर्षं काढली होती. आता ते सत्त्याऐंशीचे होते, आणि जिना चढताना माझा हात धरायचा नाही, हा लढा अजून चालूच होता.

"नऊ नंबर," अधिकारी म्हणाले. "तुमच्या आठवणींच्या पुस्तकावरूनच शोधली, साहेब. उन्हाच्या खुणा असलेली ही एकच कोठडी आहे."

दाराशेजारी अप्पांच्या नावाच्या पितळी पाटीचा शेवटचा स्क्रू सुतार पिळत होता. आत खिडकीसमोरच्या भिंतीवर खिळ्याने ओढलेल्या उभ्या रेघा होत्या. 'दुपारी चारच्या घंटेला माझ्या भिंतीवर ऊन येई; त्याच्या कडेला मी रेघ ओढी.' हा उतारा आम्हाला शाळेत धडा म्हणून होता. पुढे मी भौतिकशास्त्र शिकवायला लागले, त्याचं श्रेय घरात याच रेघांना दिलं जाई.

मी त्या जवळून पाहिल्या. दोन्ही टोकांना दाट, मध्ये विरळ. सूर्य उत्तरेला नि दक्षिणेला टोक गाठताना असाच रेंगाळतो. काम चोख होतं.

अप्पा खिडकीकडे बघत होते. "टाकी कुठे गेली?"

"पाण्याची ना? शेजारच्या खिडकीसमोर आहे की. आठ नंबरच्या," अधिकारी म्हणाले.

"मला खिडकीतून टाकी दिसायची. फक्त टाकी."

"मग ऊन?" मी विचारलं.

अप्पांनी मधल्या भिंतीवर हात ठेवला. "ऊन इथे यायचं, माझ्या शेजारच्या कोठडीतल्या शिंप्याकडे. आलं की तो भिंतीवर तीन ठोके द्यायचा. त्यावरून मला कळायचं."

"पण पुस्तकात..."

"आधी शिंपीच लिहिला होता. प्रकाशक म्हणाले, वाचकाला मध्येच शिंपी कशाला? मी म्हटलं, बरं. मग भाषणांतून सांगत गेलो. सांगून सांगून ऊन माझ्याच भिंतीवर यायला लागलं, बाळ."

"त्यांचं नाव काय होतं?"

"एकेक अक्षर ठोकून बोलायचं म्हणजे वेळ लागतो. तो शिंपी, मी मास्तर, एवढंच. कधी तोंड पाहिलं नाही. पाचव्या वर्षी ठोके थांबले."

ते सुताराकडे वळले. "पाटी काढा. आठवर लावा."

अधिकाऱ्यांचा चेहरा पडला. "साहेब, उद्या उद्घाटन आहे हो! आठमध्ये बघण्यासारखं काय आहे? नुसता अंधार."

"सहा वर्षं मीही हेच म्हणत होतो."

"पण मुलांच्या धड्यात आहे ते..."

"चूक माझी आहे. पाठ्यपुस्तक मंडळाला पत्र मीच लिहीन."

अधिकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी समजूत घालेन, अशी त्यांची अपेक्षा असावी. मला त्या रेघा सोडवत नव्हत्या, हे खरं. पण आठच्या खिडकीतून ऊन येऊ शकत नाही, हेही खरं होतं.

"सुतारभाऊंना सांगा ना," मी म्हणाले.

अप्पा एकटेच आठमध्ये गेले. मी नऊमध्ये थांबले. चाराला पाच मिनिटं असताना ऊन भिंतीवर आलं आणि त्याची कड रेघांमधून सरकू लागली. मी मधल्या भिंतीवर तीन ठोके दिले.

सुताराचा हात थांबला. मग अगदी हलके तीन ठोके आले, आणि पाठोपाठ अप्पांचा आवाज.

"भाऊ, पाटी वाकवू नका हं!"

"नाही वाकवत. पण मग नऊवर काय लावायचं?"

"शिंपी, एवढंच लिहा. आणि खाली लिहा, चार वाजता या."

अधिकाऱ्यांनी खिशातून पेन काढलं.