मागचे दोन मिळून पुढचा

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी पट्टी आहे, औशाच्या करीम पेंटरांची. उंचीला चांगली पुरुषभर! माझ्या अंगावर त्यांनी स्वतः खाचा पाडल्या: एक वीत, दोन, तीन, पाच, आठ. मागचे दोन मिळवले की पुढचा. या मापानं जागा विभागली की नजर आपोआप लहानाकडून मोठ्याकडे सरकते.

पुढं लातुरात क्लासेसचं पेव फुटलं, तेव्हा माझा भाव काय वधारला म्हणता! पाटीवर सगळ्यात रुंद पट्ट्यात क्लासचं नाव, अरुंद पट्ट्यात पत्ता. मग फ्लेक्स आले आणि मी माळ्यावर गेले. आता मेली पाल तेवढी विचारपूस करते. असो.

पण मला सारखी आठवते ती शिवम्मा. भूकंपात तिचं घर पडलं होतं. नव्या गावात पक्की शाळा झाली, तरी पोरगी छताखाली पाऊल टाकीना. बिनछपराच्या व्हरांड्यात बसायची अन् ऊन तापलं की उठून जायची. तिच्या वर्गाच्या तारामतीबाई हवालदिल झाल्या होत्या. शाळा रंगवायला आलेल्या करीमचाचांना त्या म्हणाल्या, "काय तरी करा हो चाचा. अशानं हिची शाळाच सुटंल."

चाचांनी व्हरांड्याच्या फरशीवरच रंगीत पट्टे आखायला घेतले. वीतभर पिवळा, दोन विती निळा, मग तीन, मग पाच. शिवम्मा हळूच जवळ आली आणि माझं एक टोक धरून बसली.

"चाचा, मागचे दोन मिळवले की म्होरचा व्हतो!"

"वा गं माझी वाघीण! मग म्होरचा तूच आख."

पण पाचाचा पट्टा उंबऱ्याला टेकला होता. आठाचा आत, खोलीत येणार होता. शिवम्मा थिजली.

"वरचं पडलं तर?"

चाचा तिच्याजवळ खाली बसले. "मलाबी लई भ्या वाटतंय, बेटी. अजून अंगणातच झोपतो मी. चल, दोघं मिळून जाऊ."

"तुमी म्होरं व्हा."

माझं एक टोक चाचांच्या हातात, दुसरं तिच्या. छताकडं बघत बघत ती आत आली, गुडघे टेकले, रेघ मारली. रेघ वाकडी आली, पण चाचांनी पुसली नाही. जरा वेळानं तिनं बाहेर हाक दिली, "बाई, माझं दप्तर आत आणा."

बाई दप्तर छातीशी धरून दारातच रडल्या.

मित्रांनो, भेदरलेल्या लेकराला कधी ढकलू नका रे. त्याच्यासोबत आत जा.