मांडवाच्या काठ्या

देवराम नोकरीतून सुटून खर्डीला कायमचा घरी यायचा होता, तेव्हा गिरजानं दारापुढचा ओटा नव्यानं सारवून घेतला. संध्याकाळी दोघांनी तिथं बसायचं, असं तिनं मनाशी धरलं होतं. लग्नानंतरची सगळी वर्षं तो मुंबईतल्या एका जुन्या क्लबात, बिलियर्डच्या खोलीत मार्कर होता. म्हणजे साहेबलोक खेळत असताना गुण मांडायचे, टेबलाचं हिरवं कापड झाडायचं, आणि खेळायच्या लांब काठ्या, ज्यांना क्यू म्हणतात, त्यांच्या टोकाला चामड्याची टिप बसवून द्यायची. राहायला क्लबाच्या मागेच खोली होती. गावी यायचा तो महिन्यातून एकदा-दोनदा, आणि आला की बांधबंदिस्ती, भावकीतली लग्नं, आजारी माणसांना भेटणं यातच दिवस संपायचा. सासू-सासऱ्यांचं गिरजानंच केलं. लेक रेश्माला वाढवून मुरबाडला दिली. भाताची लावणी-कापणी अंगावर काढली. तक्रार अशी कधी केली नाही. एकदा माणूस घरी आला की मग बसू निवांत, एवढंच ती म्हणायची, तेही स्वतःशी.

माणूस घरी आला आणि आठवडाभरात खालच्या खोलीत उतरला.

त्यांचं घर उतारावर आहे. रस्त्यावरून पाहिलं तर बैठं घर, आणि मागच्या अंगानं गेलं तर त्याच्या पोटात आणखी एक खोली. तीन बाजूंना दगडी भिंत, चौथ्या बाजूला दार. पूर्वी तिथं बैल बांधत. बैल गेल्यावर सरपण आलं, पेंढा आला, भाताचा कणगा आला. देवरामनं ते सगळं बाहेर काढलं. शहापुरापासून कल्याणपर्यंत आता बिलियर्डसारखाच पूल नावाचा खेळ खेळायची पार्लरं झाली होती, आणि पोरं बाजारातल्या वाकड्यातिकड्या काठ्यांनी खेळत होती. आपण खरे क्यू बनवायचे, म्हणाला. हे त्याच्या डोक्यात बरीच वर्षं असणार, कारण सगळं ठरलेलंच होतं. वरच्या खोल्यांवर पत्रा, तो उन्हात तापतो, लाकडाला ते चालत नाही. खाली हवा बाराही महिने सारखी. अडचण फक्त ओलीची, तर भिंतींना त्यानं ओल न धरणारा लेप दिला, जमिनीवर जाड प्लास्टिक घालून वर फळ्या ठोकल्या, आणि पावसाळ्यात दिवसरात्र जळत राहील असा मोठा बल्ब लावला. मुरबाडला फर्निचरचा एक कारखाना बंद पडला होता, तिथली लाकूड कातायची जुनी लांबलचक लेथ टेम्पोत घालून आणली. ती उतरवायला पाड्यावरचा भरत आणि आणखी काही जण आले होते.

कणगा वर स्वयंपाकघरात आला. गिरजाला चुलीपुढं वळायला जागा उरली नाही.

मुंबईतल्या ओळखीच्या माणसाकडून देवरामनं मेपल नावाचं पांढुरकं परदेशी लाकूड आणलं. त्याच्या लांब चौकोनी पट्ट्या पाडल्या. एकेक पट्टी लेथवर चढवायची, फिरत्या लाकडाला पटाशीची धार टेकवून जराशी गोल करायची, की झालं, लगेच उतरवायची आणि छताला ओढलेल्या तारेवर आकड्यानं टांगायची. जेवताना तो गिरजाला हे समजावून सांगायचा. लाकूड कातलं की ते आपल्या मनानं हलतं, म्हणायचा. पाच-सहा महिने त्याला सावलीत उभं लोंबू द्यायचं, वाकायचं तेवढं वाकू द्यायचं, मग पुन्हा थोडं कातायचं आणि पुन्हा टांगायचं. अशा चार-पाच फेऱ्या झाल्या की मग ते जन्मभर सरळ राहतं. घाई केली की सगळं गेलं. गिरजा ऐकायची, हं म्हणायची आणि ताटं उचलायची.

"गिरजा, ये गो खाली, बघ तरी," तो हाक मारायचा.

तिला कधी दूध तापवायचं असायचं, कधी तांदूळ निवडायचे असायचे. चहाचा कप दाराशी ठेवून ती वर यायची. आत पाऊल टाकायचं नाही, हे तिनं ठरवलेलं नव्हतं, पण तसं झालं. संध्याकाळी ती ओट्यावर एकटी बसायची आणि पायाखालून लेथची घरघर यायची. मुंबई लांब होती तेव्हा बरं होतं, असं तिला वाटायचं. तेव्हा निदान वाट तरी बघता यायची.

असे दोन पावसाळे गेले. तारेवरच्या काठ्यांची तिसरी की चौथी फेरी झाली होती. तिसऱ्या वर्षी जूनच्या शेवटी देवरामच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. रेश्मा म्हणाली, माझ्याकडं मुरबाडला या, इथं डॉक्टर चांगले आहेत, पंधरा-वीस दिवस राहून बरे होऊनच जा. आईलाही घेऊन या, म्हणाली होती, पण भाताची रोपं वर आली होती, लावणी तोंडावर होती, गिरजाला हलता येणार नव्हतं.

जायच्या सकाळी देवराम पिशवी घेऊन दारात थांबला. गिरजाला वाटलं, आता काहीतरी म्हणेल.

"खालचा बल्ब इझू देऊ नको," तो म्हणाला. "दार पण लावून ठेव. तेवढं बघ."

तो गेला आणि गिरजाच्या मनात काहीतरी कडवट बसलं ते उठेना.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी भरतची बायको जानी आली. जानी पाड्यावर राहायची. लावणीला गिरजाच्या शेतात यायची आणि पावसाळ्यात पाड्यामागच्या उतारावर काकडी-शिराळी लावून महामार्गाच्या कडेला विकायची. तिच्या मांडवाच्या बांबूंना यंदा कीड लागली होती, हात लावला की भुगा पडत होता, आणि वेल जमिनीवर पसरायला लागले होते. कुठं जुन्या काठ्या आहेत का, म्हणून ती विचारत फिरत होती.

"वयनी, खाली टांगलेल्या हायत त्या दादाच्या कामाच्या का?" तिनं विचारलं.

गिरजाला हो म्हणता आलं असतं. सांगायला एकच शब्द होता.

"कामाच्या कसल्या," ती म्हणाली. "दोन वर्सं नुसत्या लोंबतात. ने तू."

जानी घुटमळली. "दादाला इचारू दे ना आधी."

"मी सांगते ना, ने."

आणि जानीला दाराशी उभी करून गिरजा त्या खोलीत पहिल्यांदा आत गेली. स्टुलावर चढून तिनं एकेक काठी आकड्यावरून काढली आणि खाली दिली. काठ्या हाताला गुळगुळीत लागत होत्या, वासरांच्या पायांसारख्या निमुळत्या झाल्या होत्या. तिच्या ते ध्यानात आलं होतं. तरी हात थांबला नाही, उलट भराभर चालला. शेवटची काठी दिल्यावर तिनं बल्ब बंद केला. जानी भारा डोक्यावर घेऊन पावसातून पाड्याकडे गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरजा पुन्हा खाली गेली. वर नुसत्या रिकाम्या तारा होत्या. अजून वेळ होता. जानीनं मांडव बांधला नसेल, जावं, काठ्या परत मागाव्यात, तिला दुसरं काही द्यावं. ती छत्री घेऊन उंबऱ्यापर्यंत आलीही. मग तिला त्याचं ते पिशवी घेऊन उभं राहणं आठवलं, ते "तेवढं बघ" आठवलं, आणि छत्री तिनं परत खुंटीला लावली.

देवराम आला तो काळा चष्मा लावून. जावयानं गाडीनं आणून सोडलं, चहा घेऊन तो परत गेला. देवराम कपडेही न बदलता खाली उतरला. गिरजा चुलीपाशी बसून राहिली. तिनं सगळं तयार ठेवलं होतं. इतकी वर्षं कोण कुठं होतं, म्हातारीचं हागणंमुतणं कोणी काढलं, आणि घरी येऊन तरी माणूस घरात किती होता, हे सगळं ती आज बोलणार होती. त्यानं आवाज चढवायचा अवकाश.

तो वर आला. "काठ्या कुठं?"

"जानीला दिल्या. मांडवाला."

चष्म्यामुळे त्याचे डोळे दिसत नव्हते. मग छत्री घेऊन तो पाड्याकडे गेला. बऱ्याच वेळानं आला, तेव्हा पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं भरले होते. हात रिकामे होते. जानी काठ्या उपटायला लागली होती, असं त्यानं सांगितलं, आपणच तिला थांबवलं.

"वेल चढलेत वरपर्यंत. कळ्या धरल्यात," तो म्हणाला. "राहू दे म्हटलं."

मग त्यानं पाय धुतले आणि चहा मागितला. गिरजानं तयार ठेवलेलं सगळं तिच्यापाशीच राहिलं.

त्या दिवसापासून लेथ बंद झाली. देवराम संध्याकाळी ओट्यावर येऊन बसू लागला. गिरजाला हवं होतं ते अगदी तसंच घडलं, तिच्या बाजूला, हातभर अंतरावर. तो पावसाचं बोलायचा, भातावरच्या किडीचं बोलायचा, विचारलं तेवढ्याचं उत्तर द्यायचा. रागावलेला दिसायचा नाही. मग दोघं रस्त्याकडे बघत बसायची, आणि दिवे लागले की गिरजाच आधी उठायची, कारण तिलाच ते बसणं सोसायचं नाही. जानी काकड्या घेऊन आली. त्यानं मीठ लावून खाल्ली, गोड आहे म्हणाला. गिरजानं आपली फोड तशीच ठेवली.

दसरा झाल्यावर वेल वाळले, तशी जानी एक दिवस सगळ्या काठ्या घेऊन आली. नदीवर धुऊन, पुसून, सुतळीनं नीट बांधून आणल्या होत्या. काही काळ्या पडल्या होत्या, काहींची बुडं मातीत कुजून फुगली होती. तिनं त्या ओट्यावर ठेवल्या, गिरजाकडे न बघता, आणि गेली.

गिरजानं त्या खाली नेल्या. बल्ब लावला. स्टुलावर चढून, होत्या तशा तारांवर टांगल्या. सगळं झाल्यावर वळून बघते तर देवराम दारात उभा.

"आता त्या चालायच्या नाय," तो म्हणाला. आवाजात काही नव्हतं.

"एकदा बघा तरी."

त्यानं एक काठी काढली आणि टेबलावर जाडजूड काच होती तिच्यावर ठेवून तळव्यानं हळू लोटली. काठी घरंगळली. तिच्या आणि काचेच्या मधून उजेडाची एक फट पुढं सरकली, मिटली, पुन्हा उघडली. सरळ असती तर उजेड दिसला नसता, त्यानं सांगितलं. गिरजानं दुसरी काढून दिली. मग तिसरी. प्रत्येकीखाली उजेड दिसत होता. कुठल्या काठीचे रेषे किती सरळ होते, कुठली पहिल्याच फेरीत वाकली होती आणि मग पुन्हा सुधारली, हे त्याला प्रत्येकीचं ठाऊक होतं. गिरजा विचारत गेली तसा तो सांगत गेला. एवढं तो तिच्याशी कित्येक महिन्यांत बोलला नव्हता, आणि जे सांगत होता ते सगळं वाया गेलेल्या वस्तूंबद्दल होतं. मधेच त्यानं एक काठी उचलून बल्बाकडे धरली. ही सगळ्यात चांगली निघाली असती, म्हणाला, आणि बाकीच्यांत ठेवून दिली.

गिरजानं टेबलाची कड धरली.

"मला ठावं होतं," ती म्हणाली. "त्या नुसत्या काठ्या नाय, हे मला ठावं होतं."

"हां."

"हां काय?"

"जानीनं त्याच दिवशी सांगितलं. दादाच्या कामाच्या का म्हणून मी वयनीला इचारलं होतं, असं म्हणत रडत होती ती."

म्हणजे हे सगळे महिने ओट्यावर तो ते मनात घेऊन बसला होता. गिरजा स्टुलावर बसली. "मग मला बोललात का नाय? शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं."

देवरामनं काच पुसायला घेतली.

"मी बोललो असतो तर तू पण बोलली असतीस," तो म्हणाला. "ते ऐकायची माझी छाती नव्हती."

यावर बोलण्यासारखं दोघांकडे खूप होतं. पण ते बोलायचे दिवस निघून गेले होते, असं गिरजाला वाटलं. नवीन लाकूड आणू, तिनं म्हणून पाहिलं. मी रोज खाली येईन, बल्ब बघेन, टांगायला-काढायला मदत करीन. तो हसला, रागानं नाही. आता आणलेलं लाकूड तयार व्हायला किती वर्षं जातील ते त्यानं बोटांवर मोजलं आणि मोजणं अर्ध्यावर सोडलं. ऑपरेशन झालेल्या डोळ्याला बारीक रेषा पूर्वीसारखी सरळ दिसत नाही, हेही त्यानं त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. ते त्यानं रेश्मालासुद्धा सांगितलं नव्हतं.

माघात जावयानं मुरबाडला लेथचं गिऱ्हाईक काढलं. पलंगाचे पाय कातणारा कोणी होता. गिरजा नको म्हणाली, राहू द्या पडून म्हणाली, पण ठेवून गंजेल, कोणाच्या तरी हातात चालू दे, असं देवरामचं मत पडलं. टेम्पो आला तेव्हा तो स्वतः उभा राहून दोर कुठं बांधायचा, कुठली बाजू आधी उचलायची ते सांगत होता. टेम्पो वळणाआड जाईपर्यंत दोघं रस्त्यात उभी होती.

घरात आल्यावर गिरजानं चहा टाकला. कप त्याच्या हातात देताना तिनं विचारलं, हे काम तुम्हाला शिकवलं तरी कोणी. देवरामनं एका म्हाताऱ्या कारागिराचं नाव सांगितलं. भायखळ्याला एका गाळ्यात बसायचा, म्हणाला, सुट्टीच्या दिवशी मी जायचो त्याच्याकडं. गिरजाला ते नाव कुठंतरी ऐकल्यासारखं वाटलं. मग तिच्या लक्षात आलं, की नवराच ते सांगायचा, याच घरात, जेवताना, पुष्कळ वेळा.

"आणखी सांगा त्याचं," ती म्हणाली.

"काय सांगायचं आता," देवराम म्हणाला, आणि चहा पिऊ लागला.