झाकलेल्या डोळ्यातल्या चांदण्या

"मोबाईलचा डोळा झाका, मनाचा उघडा!"

बाबा गरजला आणि गोदामभर जमलेल्या माणसांनी आपापल्या मोबाईलचा कॅमेरा चालू करून त्यावर काळी चिकटपट्टी लावली. पडदे काळेकुट्ट झाले. रांग सरकू लागली. टेबलावरच्या तांब्याच्या वाटीत बोटाच्या पेराएवढा एक चकचकीत दाणा होता. मोबाईल जवळ नेला, की काळ्या पडद्यावर पांढऱ्या चांदण्या लुकलुकायच्या.

"आकाश उतरलंय! ज्याचं पाप जास्त, त्याला तारे कमी!"

मग तारे कमी दिसले असं कबूल कोण करणार? जो तो रडत, हात जोडत पुढे जात होता.

ताईला तिच्या धाकट्या भावाने बळेच आणलं होतं. तिची सगळी हयात अणूच्या पोटातले कण शोधण्यात गेली. खोल बोगद्यात यंत्र लावून एका दुर्मिळ कणाची वाट बघायची, हे तिचं काम. तो काही सापडला नाही. "डोंगर पोखरला आणि उंदीरसुद्धा नाही," अशी घरात थट्टा व्हायची.

"तू जन्मभर शोधलंस ना, ताई? इथे बघ, कसं डोळ्यांनी दिसतंय," भाऊ म्हणाला. बाबाचा तो लाडका. रोज सकाळी डबीतून दाणा काढून वाटीत ठेवायचा मान त्याचा. त्या हाताला आज रुमाल गुंडाळलेला होता.

"हाताला काय झालं रे?"

"कातडं सोललंय थोडं. उलट्याही होतात. बाबा म्हणतात, पाप बाहेर पडतंय."

ताईने पुढच्या बाईच्या मोबाईलमध्ये डोकावलं. हे ठिपके तिने झोपेतही ओळखले असते. बोगद्याच्या दगडातून येणारे किरण तिच्या यंत्रात असेच ठिपके उठवायचे. ती त्यांना कचरा म्हणायची. खरा कण हाती लागावा म्हणून हा कचरा निवडून टाकण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती. तिथे एखाददुसरा ठिपका यायचा. इथे ठिपक्यांचा पाऊस पडत होता.

"बाहेर पळा! तो दाणा किरणोत्सारी आहे. जाळतोय तुम्हाला!"

"बाईला तारे दिसले नाहीत वाटतं!" बाबा हसला. गर्दीही हसली. भावाने मान खाली घातली.

ताईने त्या बाईचा मोबाईल घेतला, टेबलाकडे पाठ केली आणि मोबाईल छातीसमोर उंच धरला.

"बघा. दाणा माझ्या पाठीमागे आहे. मध्ये मी उभी आहे."

पडद्यावर ठिपके थोडे विरळ झाले, पण थांबले नाहीत.

"हे किरण माझ्या पाठीतून शिरून छातीतून बाहेर पडतायत. तुमच्या कडेवरच्या लेकरांतूनही."

मग एका आईने पोर छातीशी कवटाळून दाराकडे धाव घेतली आणि गोदाम रिकामं झालं.

दाराबाहेर ताईने बाबाला गाठलं. "कुठून आणलास?"

"भंगारातून," तो पुटपुटला. "बंद पडलेल्या इस्पितळाचं यंत्र होतं. वरचं शिसं विकलं. दाणा चकाकत होता, म्हणून ठेवून घेतला. मोबाईलमध्ये चांदण्या दिसल्या, तेव्हा हे सुचलं." त्याची बोटं टोकांना काळी पडली होती. "बाई, उलट्या मलाही होतात. ते पाप नसेल, तर काय आहे?"

ताईला उत्तर ठाऊक होतं. तिने फोन लावून सरकारी मदत मागवली.

लांब चिमटे आणि शिशाची पेटी घेऊन सरकारी पथक आलं. रांगेतल्या प्रत्येकाचं रक्त तपासलं गेलं. बाबा महिनाही जगला नाही. भावाचा हात मनगटापासून कापावा लागला.

इस्पितळात त्याने विचारलं, "ताई, तारे खोटे नव्हते ना गं?"

"नव्हते. पण ते देवाचेही नव्हते."

"एकदाही विचारलं नाही मी, हा दाणा आला कुठून."

बाहेर अजूनही काहीजण म्हणतात, बाबांनी सगळ्यांचं पाप स्वतःवर घेतलं. त्यांना एवढंच सांगायचं: डोळ्यांनी पाहिलं ते खरं होतं, त्याला जोडलेला अर्थ खोटा होता. पाहिलेलं नाकारू नका. पण अर्थ सांगणाऱ्याला प्रश्न विचारा, त्याचा राग आला तरी विचारा, आणि हात धडधाकट आहेत तोवर विचारा.