विकत घ्यायच्या घराची फरशी

आमच्या मिस्त्रींना वाकडी फरशी दिसली की पोटात दुखतं. पहिल्यांदा मला बघायला माझ्या माहेरी आले तेव्हाही माझ्याकडे कमी आणि उंबरठ्यापाशी उचकटलेल्या फरशीकडे जास्त बघत होते. मी तेव्हाच शहाणं व्हायला हवं होतं.

त्यांच्या या फरशीच्या हुन्नरापायीच आम्ही घरदार सोडून या परक्या मुलखात आलो. इथं खोली कंत्राटदाराची. त्याचं काम संपलं की खोली संपली. मुलीला शाळेत पत्ता विचारला तर ती विचारते, "सध्याचा का?" ते ऐकलं आणि मी हट्टच धरला, की आता स्वतःचं घर. जिथून आम्हाला कुणी ऊठ म्हणणार नाही असं.

घर मिळालंही. दोन खोल्या, तिसरा मजला, बरीच वर्षं बंद. मालकीणबाई मोठ्या घरात राहायला गेल्या होत्या. पै पै साठवून थोडं जमवलं होतं, उरलेलं बँक देणार होती. पण बँकेतल्या साहेबानं विचारलं, "करखात्याचा नंबर?" तो कुठला असायला! कंत्राटदार दर आठवड्याला मजुरीतून कर कापतो, पण तो कुठं जातो ते त्यालाच ठाऊक. करखात्यात गेलो तर म्हणाले, आधी तुमच्या नावावरचा पत्ता दाखवा. म्हणजे घर घ्यायला नंबर हवा आणि नंबर घ्यायला घर हवं. ज्यानं कुणी हे ठरवलं त्याला घर आणि नंबर दोन्ही वडिलांकडूनच मिळालं असणार.

आमचा दलाल मात्र हसतमुख. काहीही विचारा, म्हणायचा, "होऊन जाईल!" आम्ही त्याचं नावच होऊनजाईल ठेवलं होतं. विसार म्हणून थोडे पैसे आधी देतो म्हटलं तर पावतीलाही नंबर हवा. मग होऊनजाईलनं मालकीणबाईंचा नुसता शब्द घेतला. बाईंनी किल्लीसुद्धा दिली. म्हणाल्या, "तोवर झाडून-पुसून ठेवा. घर तुमचंच समजा."

झालं! मिस्त्री समजले.

पहिल्याच सुट्टीला गेलो तर न्हाणीघरातलं पाणी मोरीकडे जायचं सोडून दाराकडे धावत होतं. मिस्त्रींचा चेहरा असा झाला, जणू घरात कुणी आजारी पडलंय. मी म्हटलं, "अहो, आधी कागद होऊ दे." तर म्हणतात, "आपल्याच घरात काम करायला कागद कशाला? एवढा उतार तेवढा सरळ करतो." आम्हा लोकांची खोडच ती. आधी राबायचं, बोलणी मागाहून. उतारावरून गाडी पुढच्या खोलीत गेली, तिथून स्वयंपाकघरात. सुट्टीमागून सुट्टी गेली. कुठल्या कुठल्या बड्या लोकांच्या कामातून उरलेल्या फरश्या मागून आणल्या आणि अशा जुळवल्या की बघणाऱ्याला वाटावं मुद्दाम तशा घेतल्यात. मी आणि पोरीनं सांधे भरले, भिंती रंगवल्या. खोटं कशाला बोलू, मलाही ते घर इतकं आवडलं की रिकाम्या खोलीत उगाच बसून राहायची मी.

मग मालकीणबाई बघायला आल्या. दारातच त्यांनी चपला काढल्या. पूर्वी कधी काढल्या नव्हत्या हो! "मिस्त्री, तुमच्या हातात जादू आहे," म्हणाल्या. आमचे मिस्त्री चढले हरभऱ्याच्या झाडावर. तांब्याभर पाणी ओतून दाखवलं, कसं सुळकन मोरीत जातं ते. बाईंनी ते दोनदा ओतायला लावलं.

त्यानंतर होऊनजाईलचा फोन आला. पहिल्यांदाच त्याच्या तोंडून "होऊन जाईल" निघेना. बाईंचा विचार बदलला होता.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तडक त्यांच्या घरी गेलो. बाईंनी चांगल्या कपातून चहा दिला. "अहो, इतकं सुंदर घर विकायचं जिवावर येतं. आणि तुमचा नंबरच नाही, मी तरी काय करणार? कायद्याचं काम आहे." मग मायेनं पुढे वाकल्या. "तुम्हीच राहा की! भाड्यानं. भाड्याला नंबर लागत नाही."

बाहेर आल्याबरोबर मी मिस्त्रींना म्हटलं, "चला, हातोडा घ्या. उखडून टाका सगळी फरशी."

मिस्त्री खाली मान घालून म्हणाले, "निघायची नाही आता. पक्की बसलीय." आणि या माणसाच्या आवाजात चक्क अभिमान होता! रस्त्यातच डोकं आपटून घ्यावंसं वाटलं मला. रडूही आलं, पण रडायला सवड कुठं होती? कंत्राटदाराचं काम संपलं होतं, शनिवारी खोली सोडायची होती.

तेव्हा शुक्रवारी गेलो सह्या करायला. भाडं चढंच होतं, कारण फरशी चांगली. बाईंना घर परत हवं झालं तर महिन्याभरात सोडायचं. होऊनजाईल कानाशी लागला, "वहिनी, या करारावर पत्ता दाखवून नंबर मिळेल. मग घ्या की कुठलंही घर." मी त्याच्याकडे असं बघितलं की तो खिडकीपाशी जाऊन उभा राहिला.

बाईंनी एक कलम स्वतः सांगून घालून घेतलं. फरशीला धक्का लागला तर भाडेकरूनं ती स्वखर्चानं दुरुस्त करून द्यायची. मिस्त्री मान डोलावत म्हणाले, "बरोबर आहे, चांगलं काम जपायलाच हवं."

मला राहवेना. म्हटलं, "बाई, फरशी फुटली तर दुसरा कुणी कारागीर बोलावला तर चालेल ना?"

"छे छे!" बाईंनी मिस्त्रींच्या हातात पेन दिलं. "बाहेरच्या माणसाला मी माझ्या घराला हात लावू देत नाही."